पुलात दार असलेलं चॅपल

इंग्लंडमधल्या वेकफील्डमध्ये काल्डर नदीवरचा जुना पूल पायी ओलांडायला लागलं की पूर्वेकडचा कठडा मध्येच थांबतो आणि त्याच्या जागी नक्षीदार दगडी भिंत उभी राहते. पाच खणांची. खणांमध्ये दारं, दारांच्या वर मेरीच्या आणि ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले. दारामागे लांबट खोली, खोलीखाली छोटं तळघर आणि त्याच्याही खाली नदी.

हे सेंट मेरीचं चँट्री चॅपल, म्हणजे एक छोटं प्रार्थनाघर. पुलाचं काम चौदाव्या शतकातलं, आणि १३५६ मध्ये चॅपल उभं होतं. मी सतरा वर्षं यॉर्कशरमध्ये राहते आणि त्यातली अकरा जुन्या दगडी पुलांच्या तपासणीत गेली. हा पूल माझ्या कामाच्या यादीत नाही. तरी महिन्यातून एकदा तरी मी त्याच्यावरून जाते, कधी मुद्दाम वाट वाकडी करून.

गेल्या सप्टेंबरात आई माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आली होती. इकडे सप्टेंबरात वारसा दिवस असतात, एरवी कुलूप असलेल्या जुन्या इमारती तेव्हा लोकांना बघायला मिळतात. मी तिला घेऊन गेले. ती दारात उभी राहिली, आत डोकावली, मग कठड्यावरून खाली पाण्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे पुलावर बांधलंय की पुलातच आहे?"

इतकी वर्षं मी जे सांगायचा प्रयत्न करतेय ते तिने एका प्रश्नात विचारलं. पुलातच आहे. म्हणून तर आहे.

चँट्री म्हणजे काय ते आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या काळच्या ख्रिस्ती समजुतीप्रमाणे बहुतेक माणसं मेल्यावर थेट स्वर्गातही जात नाहीत आणि नरकातही नाही. मधल्या एका अवस्थेत त्यांना पापं फेडावी लागतात. मागे राहिलेल्यांनी प्रार्थना केल्या तर ती फेड लवकर होते. मग ऐपत असलेली माणसं जमिनीचं, घरांचं भाडं लावून द्यायची आणि त्या उत्पन्नावर एखादा पाद्री ठरलेल्या आत्म्यांसाठी रोज मास, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणायचा. या व्यवस्थेला चँट्री म्हणत. पूल बांधणं, पुलाला पैसे देणं हेही तेव्हा पुण्यकर्मच होतं. पूर आलेल्या नदीतून बैलगाडी उतरवणाऱ्याला पूल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. प्रवासी पुलावर थांबायचा, आत जाऊन हात जोडायचा, पेटीत नाणं टाकायचा आणि पुढे निघायचा.

वेकफील्डच्या पुलासाठी १३४२ मध्ये राजाने टोल घ्यायची परवानगी दिली होती. जॉन लेलंड नावाचा अभ्यासक आठव्या हेन्रीच्या काळात इंग्लंडभर फिरत टिपणं काढत होता. त्याने या पुलाच्या नऊ कमानी मोजल्या, पूर्वेकडचं सुंदर चॅपल पाहिलं आणि तिथे दोन चँट्री पाद्री असल्याचं लिहून ठेवलं. पुलाच्या दक्षिणेच्या शेतांत झालेल्या लढाईचीही नोंद त्याने केली. ती ३० डिसेंबर १४६० ची लढाई. त्यात यॉर्कचा ड्यूक रिचर्ड मारला गेला आणि त्याचा सतरा वर्षांचा मुलगा एडमंडही, तो पुलाजवळच पडला असं परंपरेने सांगतात. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने फक्त वय परत विचारलं. सतरा, म्हटलं. ती थोडा वेळ पाण्याकडेच बघत राहिली.

लेलंड येऊन गेल्यावर दहा वर्षांच्या आत सगळं उलटलं. १५४५ च्या आणि मग १५४७ च्या कायद्याने चँट्री बंद झाल्या. मेलेल्यांसाठी प्रार्थना करून त्यांची सुटका होते ही समजूतच नव्या, प्रोटेस्टंट धर्ममताला मान्य नव्हती, आणि त्या प्रार्थनांसाठी लावून दिलेल्या जमिनी राजाच्या तिजोरीला हव्या होत्या. दोन्ही कारणं खरी आहेत, आणि दुसरं अधिक खरं असावं असं मला वाटतं. वेकफील्डमध्ये अशी चार चँट्री चॅपल होती. तीन गेली. त्यांच्या दगडांच्या कोणाकोणाच्या भिंती झाल्या असतील. पुलावरचं तेवढं राहिलं.

इथे माझ्यातली इंजिनिअर गप्प बसत नाही. चॅपल कठड्याला टेकून उभं केलेलं नाही. नदीतल्या एका लहानशा बेटावरून त्याचा पाया वर येतो आणि पुलाच्या खांबाशी एकजीव होतो. खालच्या भागात पुलाचे दगड कुठे संपतात आणि चॅपलचे कुठे सुरू होतात ते काठावरून बघून सांगता येत नाही, इतके ते एकमेकांत विणलेले आहेत. ते काढायचं म्हणजे खांबाला हात घालायचा. आणि पूल तर सगळ्यांना हवा होता, कॅथलिकांना, प्रोटेस्टंटांना, लोकरीच्या व्यापाऱ्यांना आणि गुरं हाकणाऱ्यांनाही. १५३० च्या कायद्याने असे पूल दुरुस्त ठेवायची जबाबदारी परगण्यावर टाकली होती. म्हणजे प्रार्थना बेकायदा झाली, पण प्रार्थना जिथे होत होती त्या दगडांची डागडुजी हे सरकारी काम राहिलं.

मग तीनशे वर्षं ती खोली काय काय झाली? मालाचं गोदाम झाली. वाचनालय झालं. कार्यालय झालं. चीजकेक विकायचं दुकानही झालं.

चॅपल दाखवायला बसलेले एक वयस्कर स्वयंसेवक हे सांगताना आवाज थोडा खाली आणत होते. घरातली एखादी जुनी, लाजिरवाणी गोष्ट पाहुण्यांना सांगताना आपण जसं बोलतो तसं. इकडचा जुन्या पद्धतीचा चीजकेक म्हणजे फाटलेल्या दुधाचा चोथा, अंडी, साखर घालून पिठाच्या पारीत भाजलेला असतो, हे मी आईला सांगितलं. ती त्या आजोबांना म्हणाली (मी भाषांतर केलं), "बरं झालं की. म्हणजे रोज कोणीतरी केर काढत असेल, आणि छप्पर गळलं तर लगेच कळत असेल." आजोबा थांबले. मग म्हणाले की इतक्या वर्षांत कोणी असा विचार केला नव्हता.

मला आईचा तेव्हा फार अभिमान वाटला. कारण इमारती मरतात त्या बहुतेक छपरापासून मरतात. एक पन्हळ तुंबते, पाणी भिंतीत उतरतं, तुळईचं टोक कुजतं, आणि हे बघायला आत कोणी नसतं. दुकानदाराच्या पिठाच्या पोत्यावर पाणी टपकलं तर तो त्याच आठवड्यात शिडी लावतो. वाचनालयात पुस्तकांना ओल लागली तर बोंब होते. त्या तीनशे वर्षांना पुस्तकांत 'विटंबनेचा काळ' म्हणून दोन ओळींत गुंडाळतात. मी त्याला राखणीचा काळ म्हणेन.

आणि ही एकट्या वेकफील्डची गोष्ट नाही. पुलावरची अशी चॅपल आता इंग्लंडमध्ये बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि जी उरली त्यांची कहाणी सगळीकडे साधारण अशीच आहे. रॉदरहॅम इथून फार लांब नाही. तिथलं चॅपल पंधराव्या शतकाच्या अखेरचं. १४८३ मध्ये गावच्या शाळेच्या एका मास्तरांनी मृत्युपत्रात, पुलावर बांधायच्या चॅपलसाठी तीन शिलिंग चार पेन्स ठेवले होते. पुढे तिथे निराधारांचं आश्रयस्थान झालं. १७७९ ते १८२६ गावचा तुरुंग होता, तळघरातल्या कोठड्यांची दारं अजून आहेत. मग राहतं घर, आणि नंतर तंबाखूचं दुकान. १९२४ मध्ये पुन्हा विधिपूर्वक चॅपल झालं. तिकडे केंब्रिजशरमध्ये सेंट आयव्हस् गावी ग्रेट ऊझ नदीवर १४२६ चं चॅपल आहे. त्याचं घर झालं, १७३६ मध्ये त्यावर आणखी दोन मजले चढवले, आणि काही काळ तिथे एक दारूचा गुत्ता होता. त्याला लोक 'छोटा नरक' म्हणायचे. वरचे मजले १९३० मध्ये उतरवले. पायाला त्यांचं ओझं पेलत नव्हतं.

त्या जुन्या फोटोंत नदीच्या मधोमध उभं असलेलं ते उंच, अरुंद, विटांचं घर बघताना मला नेहमी वाटतं, त्या वरच्या मजल्यावर कोणाचं तरी बाळ झोपत असेल, खाली पाणी वाहत असेल.

वेकफील्डला परत येते. १८४२ मध्ये चॅपल चर्च ऑफ इंग्लंडकडे आलं. तेव्हा यॉर्कशरमध्ये जुन्या वास्तुकलेवर जीव असलेल्या लोकांची एक मंडळी होती, त्यांनी पुढाकार घेतला. जीर्णोद्धार करायचा ठरला आणि काम मिळालं जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या तरुण वास्तुविशारदाला. पुढे लंडनचं अल्बर्ट स्मारक आणि सेंट पँक्रस स्टेशनचं ते भव्य हॉटेल ज्याने केलं तोच हा. १८४७-४८ मध्ये काम झालं.

जीर्णोद्धार हा आपला शब्द फार सुंदर आहे. जीर्ण झालेल्याचा उद्धार. पण उद्धार कोणाचा, दगडाचा की आकाराचा, हे तो शब्द सांगत नाही, आणि सगळी गडबड तिथेच होते.

पाचशे वर्षांच्या वाऱ्यापावसाने पुलाकडची दर्शनी भिंत झिजली होती. मूर्तींची नाकं गेली होती, नक्षीच्या कडा बोथट झाल्या होत्या. कंत्राटदाराने स्कॉटपुढे प्रस्ताव ठेवला. ही जुनी भिंत एका गृहस्थाला त्याच्या बागेसाठी हवी आहे. ती त्याला विकू आणि त्याऐवजी फ्रान्समधल्या काँ इथल्या दगडात हुबेहूब नवी करून देऊ. स्कॉट तयार झाला. वरचं सगळं बांधकाम नव्याने झालं. जुनं राहिलं ते फक्त खालचं, पुलाच्या अंगात असलेलं. पुन्हा एकदा, जेवढं पुलाचं होतं तेवढंच वाचलं.

आता या फ्रेंच दगडाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

काँचा दगड म्हणजे चुनखडी. फिकट, सायीसारख्या रंगाचा, इतका बारीक पोताचा की छिन्नीखाली लोण्यासारखा कापला जातो. कँटरबरीच्या कॅथेड्रलला तो वापरलाय, टॉवर ऑफ लंडनलाही. कोरीव काम करणाऱ्याला त्याच्यासारखा दगड नाही. पण एकोणिसाव्या शतकातलं वेकफील्ड म्हणजे गिरण्या, कोळसा, नदीवर सतत धूर. कोळशात गंधक असतं. ते जळून हवेत जातं, ओलाव्याशी मिळून आम्ल होतं आणि चुनखडीवर बसतं. चुनखडीचं हळूहळू जिप्सम होतं. सोप्या भाषेत सांगायचं तर दगडाच्या कातडीचं प्लास्टर ऑफ पॅरिसच्या जातीचं काहीतरी होतं. जिथे पाऊस थेट लागतो तिथे ते धुऊन जातं. पण कोनाड्यात, मूर्तीच्या हनुवटीखाली, कमानीच्या पोटात, जिथे पाऊस पोचत नाही तिथे त्याचा काजळी मिसळलेला काळा पापुद्रा चढतो. पापुद्रा फुगतो, तडकतो आणि पडताना खालचं कोरीवकाम सोबत घेऊन जातो. आत पिठासारखी भुकटी असते. म्हणजे ज्या भागात कारागिराने सगळ्यात जास्त जीव ओतला, सगळ्यात खोल कोरलं, तेच आधी जातं.

मूळ बांधकाम इकडच्याच वाळूच्या दगडाचं होतं. त्याचे कण सिलिकाने बांधलेले असतील तर आम्लाला तिथे फारसं खायला मिळत नाही. तो झिजतो, पण म्हातारा माणूस झिजतो तसा, हळूहळू, सगळीकडून सारखा. चौदाव्या शतकातल्या गवंड्याला रसायनशास्त्र येत नव्हतं. त्याला जवळची खाण माहीत होती आणि आजोबांनी बांधलेली भिंत कशी टिकली ते माहीत होतं.

स्कॉटची नवी भिंत नव्वद वर्षं टिकली. १९३९ मध्ये सर चार्ल्स निकोलसन या वास्तुविशारदाने ती काढून इकडच्या ग्रिटस्टोनमध्ये, म्हणजे खरबरीत वाळूच्या दगडात, पुन्हा नवी केली. आज पुलावरून दिसते ती ही तिसरी भिंत.

आणि पहिली? ती गेली शहराच्या दक्षिणेला केटलथॉर्प हॉलच्या बागेत. विकत घेणारा होता जॉर्ज नॉर्टन. ज्यांनी कॅरोलाइन नॉर्टनबद्दल वाचलं असेल त्यांना हे नाव माहीत असेल. तिची मुलं तिच्यापासून तोडणारा नवरा तो हाच, आणि तिच्या झुंजीतून १८३९ चा मुलांच्या ताब्याचा कायदा आला. त्या माणसाने मेरी आणि बाळाच्या जन्माचे प्रसंग कोरलेली भिंत आपल्या तळ्याकाठी होडीघराला दर्शनी बाजू म्हणून लावली. मला हे कधीच सहज वाचता आलेलं नाही.

पण ऐका. तीच भिंत, जिला 'फार झिजली' म्हणून काढलं, ती तळ्याकाठी कोणी न बघता आणखी जवळजवळ दीडशे वर्षं उभी राहिली. तिची जागा घेतलेली नवी भिंत पडून तिच्या जागी आणखी नवी आली तरी ही तिथे होतीच. शेवटी तिला पावसाने मारलं नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीला टवाळखोरांनी तिची नासधूस केली आणि १९९६ मध्ये ते होडीघर उतरवावं लागलं. मी एकदा एकटीच तिकडे गेले होते. तळं आहे, बदकं आहेत, काठावर मासे धरणारा एक मुलगा होता. मी बराच वेळ काठावर उभी होते.

स्कॉटने म्हातारपणी आठवणी लिहिल्या, त्याच्या मृत्यूनंतर १८७९ मध्ये त्या छापून आल्या. त्यात वेकफील्डच्या या कामाची आपल्याला अतिशय लाज वाटते असं त्याने स्वच्छ लिहिलंय. त्या प्रस्तावाला हो म्हणायला नको होतं, म्हणतो. स्कॉटवर टीका करणारे तेव्हाही पुष्कळ होते. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने ट्यूक्सबरीच्या ॲबीच्या (जुन्या मठाच्या चर्चच्या) जीर्णोद्धाराविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं, तिथेही वास्तुविशारद स्कॉटच होता, आणि त्याच वर्षी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था निघाली. ती आजही काम करते. तिचं म्हणणं थोडक्यात असं की जुनं पुन्हा नवं करू नका, रोजची निगा राखा. माझ्या पिढीच्या सगळ्या पूल-इंजिनिअरांना हे तोंडपाठ आहे. तरी स्कॉटला दोष देताना माझी जीभ अडखळते.

त्याचं कारण माझ्या टेबलाच्या खणात आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका खेड्यातल्या ओढ्यावरच्या छोट्या दगडी पुलाची तपासणी माझ्याकडे आली. एकच कमान, वाळूच्या दगडाची, दोनशे वर्षांच्या आसपासची. दगडांमधल्या दरजांतला चुना भुसभुशीत झाला होता, बोटाने उकरला तर निघत होता. मी अहवालात लिहिलं, दरजा सिमेंटने भराव्यात. मनापासून लिहिलं. मला तो पूल आवडला होता आणि तो मजबूत व्हावा असं वाटत होतं. काम झालं. राखाडी, नीटनेटक्या, टणक रेषा. मी फोटो काढून घरी पाठवले होते, आईने नातेवाइकांना दाखवले होते.

दोन हिवाळे गेले. तिसऱ्या वर्षी मी पुन्हा त्या कमानीखाली उभी राहिले. सिमेंटच्या रेषा जशाच्या तशा होत्या, फक्त आता त्या दगडाच्या बाहेर आल्या होत्या. कारण दगड मागे गेला होता. चुना मऊ असतो, सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या दरजेतून बाहेर पडतं. झिजायचं तेव्हा चुना झिजतो आणि दगड राहतो. चुन्याचं कामच ते आहे, दगडाच्या आधी जायचं. मी ती वाट बुजवली. पाणी दगडातून बाहेर यायला लागलं, थंडीत तिथेच गोठलं, फुगलं आणि दगडाचा दर्शनी पापुद्रा सुटत गेला. मी एका दगडावर हातोडीने हलकेच ठोकलं. बद्द आवाज आला, तडा गेलेल्या माठासारखा. बशीएवढी कपची माझ्या हातात आली. आतली बाजू ओली आणि वाळूसारखी होती, आणि तिच्यावर त्या जुन्या गवंड्याच्या छिन्नीच्या तिरक्या रेघा होत्या, एकीशेजारी एक, बोटभर अंतराने. दोनशे वर्षं टिकलेल्या रेघा माझ्या एका वाक्याने तीन वर्षांत सुटल्या.

त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. त्यानंतर स्कॉटच्या आठवणींतलं ते पान वाचलं की मला त्याचा चेहरा दिसतो. त्याचंही प्रेमच होतं. झिजलेली नाकं त्याला बघवली नाहीत. नुकसान दुष्ट माणसांनी केलं असतं तर सोपं होतं. पण त्या चॅपलला गोदामवाल्याने इतकं बदललं नाही, चीजकेकवाल्याने नाही, जितकं ते पुन्हा सुंदर व्हावं म्हणून झटणाऱ्यांनी बदललं.

आईने चॅपलमध्ये मला विचारलं होतं, "मग आता यातलं खरं काय?" मी तिला चक्राकार जिन्याशी नेलं. तो अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस, खाली तळघरात उतरतो आणि वर छपराकडे जातो. खाली हवा एकदम बदलते. थंड, नदीचा वास. तळघराच्या भिंतीवर मी तिचा तळहात ठेवला. हे खरं, म्हटलं. हे पुलाचं आहे. वर मास चालू असताना, गोदाम असताना, पोरंबाळं चीजकेकसाठी रांगेत उभी असताना, हे इथेच होतं. तिने हात काढला नाही. म्हणाली, "आणि वरचं काय, खोटं?"

मला 'हो' म्हणता आलं नाही. वरची भिंत १९३९ ची आहे, म्हणजे आईच्या आईच्या वयाची. तिच्यावरही आता काजळी बसली आहे, कडा मवाळ व्हायला लागल्या आहेत. तिच्यापुढे लोकांनी लग्नाचे फोटो काढलेत. १८४८ नंतर काही वर्षं हे इवलंसं चॅपल आसपासच्या वस्तीचं मुख्य चर्च होतं, १८५४ मध्ये नवं चर्च होईपर्यंत. आज अधूनमधून इथे प्रार्थना होते, चॅपलची काळजी घेणारी 'मित्रमंडळी' आहेत, ती झाडलोट करतात, दार उघडतात, छपरावर लक्ष ठेवतात. पहिल्या दर्जाची संरक्षित इमारत आहे. १९३३ मध्ये शेजारी नवा पूल झाला, त्यामुळे बहुतेक वाहतूक तिकडे गेली. नदीपलीकडे २०११ मध्ये हेपवर्थ कलादालन उघडलं. तिथे फिलिप रेनेगलचं १७९३ चं एक चित्र आहे. त्यात हा पूल आहे आणि पहिली भिंत अजून जागेवर आहे. आम्ही चॅपलमधून निघून ते चित्र बघायला गेलो. आई चित्राच्या इतकी जवळ गेली की रखवालदाराने एक पाऊल पुढे टाकलं.

पूर आला की मात्र माझं मन जागेवर नसतं. २०१५ च्या नाताळात याच काल्डरने वरच्या बाजूचा एलंडचा पूल मोडला, आणि त्याच आठवड्यात व्हार्फ नदीवर टॅडकॅस्टरचा पूल कोसळला. पूर पुलाला वरून मारत नाही, खांबाच्या पायाखालची माती उपसून मारतो. चॅपलचा पाया त्या बेटावर रुंद पसरलाय, पुलाने त्याला धरलंय तसं त्यानेही पुलाला धरलंय. मी काठावरून पाण्याची रेघ बघते आणि घरी जाते.

आणि माझा तो खेड्यातला पूल. यंदा मी मागे लागून त्याची दुरुस्ती मंजूर करून घेतली. चुन्याचं काम थंडीत करत नाहीत, गोठलं की फुकट जातं, म्हणून मे महिना धरला. गवंडी साठीचे होते, चुन्यात हयात गेलेले. मला वाटत होतं, सगळं सिमेंट उकरून काढू. त्यांनी पहिल्या दिवशी एक दरज हातछिन्नीने उकरून दाखवली. सिमेंटसोबत दगडाची कड निघाली. त्यांनी छिन्नी खाली ठेवली आणि सांगितलं, जे आपण होऊन सुटलंय तेवढंच काढायचं. जे दगडाला घट्ट धरून बसलंय ते आता राहू दे, दहा वर्षांनी सैल होईल तेव्हा कोणीतरी काढेल.

साधारण तिसरा हिस्सा निघाला. तिथे आता चुना आहे, फिकट पिवळसर, वर आठवडाभर ओलं गोणपाट टांगलं होतं. बाकी दोन हिस्से माझे राखाडी पट्टे तसेच आहेत. मी नव्या अहवालात त्यांची एकेक करून नोंद केली आहे, कमानीच्या कोणत्या थरात, कोणत्या दगडांमध्ये, किती लांब. म्हणजे जो कोणी दहा वर्षांनी येईल त्याला कुठे ठोकून बघायचं ते कळेल.